अण्णांचा एकवीस नंबर

थोरली: ...हे बघ, पुन्हा तेच. निम्म्यावर गेलं आणि ठप्प. आता तिकडचा आवाज ऐक. तिचं मशीन सुरू झालं की नाही? मी उगाच बोलते का?

सून: उगाच नाही हो, आई. पण मावशींचं सुरू झालं आणि तुमचं अडलं, एवढंच दिसतंय. त्यांनी अडवलं हे कुठे दिसतंय?

थोरली: तुला नाही दिसायचं. तू आत्ता कुठे आलीस या घरात. मी दीड वर्ष बघतेय. सख्ख्या बहिणी आम्ही, कवळ्यांच्या एका लॅबच्या दोन लॅब झाल्या, मध्ये प्लायवूड ठोकलं, तरी बाईसाहेबांचा जीव शांत नाही. पलीकडे बसून माझं इंटरनेट खेचते.

धाकटी: सूनबाई, प्लायवूड पातळ आहे म्हणावं. सगळं ऐकू येतं.

थोरली: तिला सांग, ऐकू यावं म्हणूनच बोलतेय.

सून: तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, ठीक आहे. पण मला तरी पूर्ण वाक्य बोलू द्या. हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर दुसऱ्याच्या गळ्यात घालून आलेय मी आज.

थोरली: म्हणून तर तुला आणलं. उद्या सकाळी टेम्पो येतोय. माझं सामान नव्या खोलीवर चाललं. पण मशीन तिथेही असंच रुसून बसलं तर मी काय करू? त्या शिक्षिकाबाईंचे पुढचे दात अडकलेत यात. सोमवारी वर्गावर उभं राहायचंय त्यांना. दवाखान्यातून तोंडाचा स्कॅन आला, कॉम्प्युटरवर मी सगळं जुळवलं, आणि दात छापणाऱ्या प्रिंटरकडे पाठवते तर हा तमाशा.

सून: जाण्याआधी दोष कुठे आहे ते तर बघू. आई, आपल्याकडे इंटरनेट कुठून येतं?

थोरली: बोळातल्या त्या डबीतून. दिवे लुकलुकतात ती. दोघींत मिळून एकच.

सून: बाहेरून एक वायर डबीपर्यंत येते. त्या वायरवरचं बोलणं आपल्या मशीनना समजेल असं करतो, तो मोडेम. आणि आलेली वस्तू घरातल्या कुणाची आहे ते बघून ज्याची त्याला पोचवतो, तो राउटर. हल्ली दोघं एकाच डबीत नांदतात.

थोरली: नांदतात म्हणे. आणि वाय-फाय?

सून: वाय-फाय म्हणजे राउटरपासून तुमच्या टेबलापर्यंतचा रस्ता, तेवढाच. वायरीऐवजी हवेतून. म्हणून कधीकधी वाय-फाय दिसतं पण इंटरनेट नसतं. डबीपर्यंतचा रस्ता ठीक, पुढचा बंद.

थोरली: हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. वाय-फाय दिसत असलं की मी इंटरनेटला शिव्या देत बसायची.

सून: आणि त्याच्या उलटही असतं. बाहेरचं इंटरनेट साफ बंद पडलं, तरी तुमच्या कॉम्प्युटरवरून तुमच्या प्रिंटरला फाईल जाते. ती घरातल्या घरात जाते, राउटरच्या हातून. म्हणजे मावशींनी दिवसभर सिनेमे बघितले तरी तुमची फाईल अशी तुटायची नाही.

धाकटी: ऐकलं का म्हणावं.

थोरली: तिला सांग, हे तुलाही माहीत नव्हतं.

धाकटी: बरं, नव्हतं.

थोरली: मग तुटते का? जादूटोणा झालाय का माझ्या मशीनवर?

सून: तुमच्याकडे नवे दात येतात, ते कसे येतात?

थोरली: मेणाच्या पट्टीवर लावलेले. प्रत्येकाची जागा ठरलेली. डावा, उजवा, पुढचा, दाढ.

सून: आणि कवळीत तुम्ही एकेक काढून, ज्याच्या त्याच्या जागी बसवता. फाईलचंही तसंच. ती अख्खी जात नाही. तिचे बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर लिहिलेलं असतं, मी कितवं, कुणाकडून निघालो, कुणाकडे चाललो. पलीकडचं मशीन ती सगळी ओळीने बसवतं. एखादं वाटेत हरवलं तर पुन्हा मागून घेतं.

थोरली: लगेच?

सून: डोळ्याचं पातं लवायच्या आत.

थोरली: माझा एक दात टेबलाखाली गेला तर अख्खी दुपार मी गुडघ्यांवर असते. मशीनचं बरं आहे.

सून: मात्र 'कुणाकडे चाललो' यातच घोळ असला, तर सगळं मुसळ केरात.

धाकटी: सूनबाई, एक विचारू? एकाची फाईल चुकून दुसऱ्याच्या मशीनमध्ये जाऊ शकते का?

सून: का हो, मावशी?

धाकटी: सहज. जरा इकडे येतेस? तिला म्हणावं, दोन मिनिटं सुनेला सोड.

थोरली: जा. काय नाटक आहे ते बघून ये.

सून: आले. बोला, मावशी.

धाकटी: आधी बस. लग्नात तुला लांबूनच पाहिलं होतं. मागच्या खुर्चीवरून. बरं, ते असो. हे बघ. खालचा जबडा. एका सकाळी आले तर माझ्या मशीनमध्ये तयार. मी पाठवलेला नाही.

सून: मग कुणी?

धाकटी: मला वाटलं, ताईने मुद्दाम पाठवला. माझं मशीन अडकून पडावं म्हणून.

थोरली: मी? तुझ्या... तिच्या मशीनशी मला काय करायचंय?

सून: मावशी, हा आईंचाच कशावरून?

धाकटी: अगं, दाढांची उतरण बघ. हात फिरव. अशी कड दुसरं कुणी देतच नाही. अण्णा द्यायचे, आणि त्यांच्यानंतर ही.

सून: आणि तुम्ही तो ठेवून दिलात.

धाकटी: टाकवेना. म्हणजे, पुरावा म्हणून ठेवला.

थोरली: तो एका पेशंट आजोबांचा जबडा होता. पाठवला तर कॉम्प्युटर म्हणतो गेला, आणि माझं मशीन कोरडं. पुन्हा पाठवावा लागला. सूनबाई, तिथे झालं असेल तर इकडे ये आणि हा खालचा खण उघड. निळ्या कापडात आहे.

सून: हा वरचा दिसतोय. पुढच्या दातांसकट.

थोरली: माझ्या मशीनमधून निघाला. मी केलेला नाही.

सून: तुम्हाला कळलं कुणाचा ते?

थोरली: मधल्या दोन दातांत केसाएवढी फट आहे बघ. माणसाची जन्मापासूनची फट असणार. कुणीही बुजवून टाकली असती, छान दिसतं म्हणून. हिने ठेवली. का, तर त्याला आरशात आपलंच तोंड दिसावं. एवढा विचार करणारी एकच आहे माझ्या माहितीत.

सून: मग हे मावशींना सांगितलं का नाहीत?

थोरली: पुरावा आहे तो. पुरावा कुणी दाखवत सुटतं का?

सून: धन्य आहात दोघी. एकमेकींचं काम कापडात गुंडाळून जपताय आणि एकमेकींवर आळ घेताय. बरं, आता माझ्या लक्षात यायला लागलंय. आई, तुमच्या प्रिंटरचा आयपी पत्ता सांगा.

थोरली: म्हणजे तो नंबर?

सून: तोच. नेटवर्कवर जे जे मशीन आहे त्याला एक नंबर असतो. पॅकेटवर 'कुणाकडे' म्हणून तोच लिहिलेला असतो.

थोरली: पण मी दवाखान्याचं पान उघडते तेव्हा नाव टाकते. नंबर कुठे टाकते?

सून: नाव माणसांच्या सोयीसाठी. तुम्ही नाव टाकलंत की कॉम्प्युटर आधी गुपचूप बाहेर विचारून येतो, या नावाचा नंबर काय? ते सांगण्याची जी सोय आहे तिला डीएनएस म्हणतात. पुढचं सगळं नंबरवरच चालतं. घरातल्या प्रिंटरला मात्र तुम्ही थेट नंबरनेच जोडलंय. तो कोणता?

थोरली: त्यात काय विचारायचं. झोपेतून उठवलंस तरी सांगेन. एकशे ब्याण्णव पॉइंट एकशे अडुसष्ट...

धाकटी: ...पॉइंट एक पॉइंट एकवीस.

थोरली: तिला सांग, मला विचारलंय.

सून: थांबा जरा. मावशी, आईंच्या प्रिंटरचा नंबर तुम्हाला कसा पाठ?

धाकटी: तिचा कसला? माझ्या प्रिंटरचा आहे तो.

थोरली: कुणाचाच नाही. अण्णांचा आहे. आमच्या वडिलांचा. लॅबमध्ये पहिलं मशीन आलं तेव्हा बसवायला आलेला माणूस म्हणाला, हा नंबर घातला तरच हे चालेल. अण्णांनी आम्हा दोघींना समोर बसवलं, चांगल्या घोडनवऱ्या होतो तेव्हा, आणि पाढ्यासारखा पाठ करून घेतला.

धाकटी: अडखळलं की परत एकशे ब्याण्णवपासून. ताई नेहमी अडुसष्टला अडायची.

थोरली: तिला सांग, मी कधीही अडले नाही.

सून: आणि ते मशीन?

थोरली: अण्णांच्या पाठोपाठ तेही गेलं. पुढे मी माझं घेतलं, तेव्हा त्यात तोच नंबर घातला.

धाकटी: मीही माझ्यात तोच घातला. मशीन नवं असलं म्हणून काय झालं, नंबर आपला अण्णांचा.

सून: दोघींनी आपापल्या हाताने, एकमेकींना न विचारता, तोच नंबर.

थोरली: बोलत नव्हतो तर विचारणार कशी?

सून: सापडला तुमचा चोर. एका नेटवर्कवर एक नंबर एकाच मशीनचा असला पाहिजे. इथे दोन मशीनं म्हणतायत, मीच एकवीस. जे शेवटी बोललं त्याचं खरं धरलं जातं. मावशींचं मशीन सुरू झालं की ते सांगतं, एकवीस मी. त्या क्षणी आईंची उरलेली पॅकेटं तिकडे वळतात. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही, म्हणून फाईल तुटते. आणि पहिल्या पॅकेटपासूनच रस्ता चुकला, तर अख्खा जबडा पलीकडे.

धाकटी: म्हणजे माझ्याही फायली अशाच तुटायच्या? मला वाटायचं, ताई बोळात जाऊन काहीतरी खटपट करते.

सून: तुमच्याही अशाच. आई मशीन सुरू करायच्या, तुमचं अडायचं.

थोरली: म्हणजे कुणी काहीच केलेलं नाही.

सून: केलंय ना. दोघींनी तेच केलंय.

धाकटी: पण मग दवाखान्यांकडून येणारे स्कॅन कसे बिनचूक येतात? ते तिकडे नाही जात?

सून: कारण तुमच्या कॉम्प्युटरना नंबर राउटरने दिलेत. तो ज्याला देतो त्याची आठवण ठेवतो आणि तोच नंबर दुसऱ्याला देत नाही. शिवाय बाहेर पडताना अख्ख्या घराचा मिळून एकच पत्ता असतो. बाहेरच्या जगाला तुम्ही दोघी एकच दिसता. राउटरच्या लेखी प्लायवूड नाही.

थोरली: ...बरं. उपाय सांग.

सून: अगदी सोपा. प्रिंटरनाही राउटरकडूनच नंबर घेऊ दे. मी अशी सोय करते की तो रोज तोच देईल.

थोरली: म्हणजे एकवीस जाणार?

सून: जाऊ शकतो.

थोरली: मग नको.

धाकटी: मलाही नको.

सून: मग एकीने एकवीस ठेवा, दुसरीने बदला. दोनच मिनिटं लागतील.

थोरली: मी बदलणार नाही. तिला सांग, मी मोठी आहे. अण्णांनी मला आधी शिकवला.

धाकटी: आणि तिला विचार, अण्णांशेजारी मशीनवर कोण बसायचं? मी. ती मेण घेऊन कोपऱ्यात आणि मशीनला नावं ठेवायला पुढे. दवाखान्याला फोनवर सांगत होती, हे काही माझ्या बहिणीच्या हातचं काम नाही, मशीनने काढलंय. मी मागे दारात उभी होते. दुसऱ्याच दिवशी मी प्लायवूड आणलं. आणि पुढे काय झालं माहितेय? ज्या मशीनला नाकं मुरडली, तेच घेऊन आली. त्याच दुकानातून.

सून: आई?

थोरली: काय आई? झालं ते झालं. त्या नंबरचं बघ.

सून: मी बोळात जाऊन राउटर बंद करून पुन्हा चालू करते, म्हणजे जुना घोळ डोक्यातून जाईल त्याच्या. परत येईपर्यंत ठरवा. मी आले की जिचा म्हणाल तिचा बदलते.

(सून बोळात जाते. प्लायवूडच्या दोन्ही अंगांना खुर्च्या सरकल्याचा आणि मग बटणं दाबल्याचा बारीक आवाज.)

सून: सगळे दिवे आले. काय ठरलं?

थोरली: ठरायचं काय त्यात. तू पाठवून बघ.

सून: काही न बदलता?

धाकटी: पाठवू दे ना तिला. आता नाही अडायची.

सून: तुमचं काही कळत नाही मला. बरं, आईंच्या कॉम्प्युटरवरून शिक्षिकाबाईंचे दात पाठवते. निघाली फाईल... अर्धी गेली... अरे वा, पूर्ण गेली. आई, तुमच्या प्रिंटरवर नाव आलं का?

थोरली: नाही बाई. हा आपला गप्प.

सून: असं कसं होईल? मावशी, तुमच्याकडे?

धाकटी: अगं, शिक्षिकाबाई इकडे आल्यात.

सून: आई, सरका जरा. नंबर बघू द्या तुमचा. ...हे काय? बावीस? तुम्ही बदललात?

थोरली: राहू दे म्हटलं एकवीस तिच्याकडे. अण्णांशेजारी तीच बसायची, खोटं कशाला बोला. कॉम्प्युटरवरही बदलला, मला येतं तेवढं.

सून: मावशी, तुमचा नंबर काय आहे आता?

धाकटी: ...बावीस.

सून: तुम्ही का बदललात?

धाकटी: ती मोठी आहे. तिला आधी शिकवला हे खरंच आहे.

सून: आणि दोघींनाही बावीसच सुचला?

थोरली: मग एकवीसच्या पुढे काय येतं?

सून: हॉस्पिटलात शेकड्याने मशीनं आहेत. रोज काही ना काही बिघडतं. पण असा बिघाड मी जन्मात पाहिला नव्हता.

थोरली: हसू नकोस. आणि तू मधे बोलू नकोस. ...बेबी.

सून: मावशी, आई तुम्हाला...

धाकटी: ऐकलं मी. काय गं, ताई?

थोरली: तू कोणता घेतेस ते आधी सांग. मग मी माझा घालते.

धाकटी: तू एकवीस घे. मी बावीसवर बरी आहे. दोन अंकांत फरक काय, दोन्ही त्याच घरातले.

थोरली: नक्की ना? नाहीतर मी इकडे एकवीस करायची आणि तुला पुन्हा पुळका यायचा.

धाकटी: नाही येत. घाल तू.

थोरली: घातला.

सून: आता मावशींकडून एक पाठवून बघते. ...त्यांचं त्यांच्याकडे आलं. आणि आईंचं... आईंकडे. संपलं दुखणं. एवढंच बोलायचं होतं ना? त्यासाठी दीड वर्ष?

धाकटी: एवढंच नाही. ताई, मला एक सांग. तू मशीन का घेतलंस? सुनेसमोर सांगायचं नसेल तर तिला चहा करायला पाठव.

थोरली: राहू दे तिला. कधीतरी कळायचंच आहे. हात कापतो माझा.

धाकटी: कधीपासून?

थोरली: अण्णा गेले त्याच्या आधीपासून. मेण धरलं की थरथर. दिवसभराचं काम एका कंपाने जायचं. त्या दिवशी दवाखान्यातून तुझं कौतुक करत होते गं फोनवर. इतकं स्वच्छ काम कधी पाहिलं नाही म्हणाले. माझ्या हातात तेव्हा वाकडं झालेलं मेण होतं. तोंडातून जे गेलं ते गेलं.

धाकटी: मला सांगायचंस.

थोरली: काय सांगू? की ताईचा हात संपला? तू रडली असतीस आणि मग त्यात माझ्याही रडण्याची भर. त्यापेक्षा भांडण बरं वाटलं.

धाकटी: आणि ती खोली? तिथे एकटी काय करणार होतीस?

थोरली: तिथे कुणाला दिसलं नसतं.

सून: आई, टेम्पोवाल्याचा फोन वाजतोय. घेऊ?

थोरली: घे. उद्या येऊ नको म्हणावं.

सून: आणि परवा विचारलं तर?

थोरली: परवाही नको.

धाकटी: ताई, शिक्षिकाबाईंचे दात आता छापून निघतील. हिरडी कोण करणार?

थोरली: तेच तर. दात मशीन देतं, हिरडीला मेण हातानेच लावावं लागतं. मीच लावेन, हळूहळू. सोमवारपर्यंत वेळ आहे.

धाकटी: मेण वितळवायचा दिवा पेटवून ठेव. मी येते तिकडे. मेण मी लावते.

थोरली: तुला हिरडी जमत नाही. फार फुगवतेस.

धाकटी: म्हणूनच म्हणते, शेजारी बस आणि चुका काढ.

थोरली: तेवढं जमेल मला.